मांजरमिशी नुसतीच उंच वाढतेय, फुलांचे तुरे मात्र दोनच. काय चुकतंय?

पानफुटी

पांढऱ्या फुलांच्या मांजरमिशीचं (ऑर्थोसायफन) एक झाड २० सेंमी तोंडाच्या कुंडीत आहे. वय साधारण ८ महिने, उंची ९० सेंमी. बुंध्यातून दोनच काठ्या सरळ वर गेल्यात. खालचा निम्मा भाग उघडाबोडका, पानं फक्त वर. दोन्ही शेंड्यांना एकेक तुरा आला, संपला, आणि त्यानंतर महिनाभर काही नाही.

जागा पूर्वेची, ऊन सकाळचं जेमतेम दोन तास. माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं. पाणी रोज अर्धा लिटर. दुपारी पानं मान टाकतात म्हणून कधी कधी तेव्हाही पाणी. दर १५ दिवसांनी चिमूटभर युरिया. खालची पानं पिवळी पडून गळतायत.

झाड छाटावं का, आणि छाटलं तर कुठून? उघड्या काठीवरून फुटवा येतो का? छाटलेल्या फांद्यांपासून रोपं करायची असतील तर नेमकी पद्धत काय?

---

खुरपं

या झाडाला फूल शेंड्यालाच येतं, पानांच्या बगलेत नाही. म्हणजे जितके शेंडे तितके तुरे. तुमच्याकडे दोन शेंडे होते, दोन तुरे आले. झाडाने हिशोब चोख ठेवलाय.

शेंडे वाढवायचे तर खुडावं लागतं, आणि ते लहानपणीच. रोप १५ सेंमीचं झालं, पानांच्या ४-५ जोड्या दिसल्या की तिसऱ्या जोडीच्या वर शेंडा चिमटीने खुडायचा. पानं समोरासमोर असल्यामुळे प्रत्येक पेरावर (पानं फुटतात त्या सांध्यावर) दोन डोळे (झोपलेले अंकुर) असतात. वरच्या दोन पेरांवरचे डोळे बहुधा जागे होतात, म्हणजे एकाचे चार फुटवे. ते १०-१२ सेंमी झाले की त्यांचे शेंडे पुन्हा खुडायचे. कागदावर १६ होतात, प्रत्यक्षात दहा-बारा जोमदार फांद्या मिळाल्या तरी झुडूप भरतं. दर खुडणीला फुलं महिना-सव्वा महिना लांबतात. त्यामुळे दोनदा पुरे, तिसऱ्यांदा हात आवरावा.

आता तुमच्या काठ्या. एकदम बुडातून उडवू नका. पानं नसलेल्या जून लाकडावरून फुटवा येतो, पण भरवसा नाही. कधी काठी कापापासून खाली वाळत जाते आणि झाडच जातं. दोन टप्प्यांत छाटा. आधी प्रत्येक काठीवर पानांच्या खालच्या दोन जोड्या ठेवून वरचा भाग काढा. तुमच्या वर्णनावरून तो काप ५०-५५ सेंमीवर येईल. काप पेराच्या अर्धा सेंमी वर, तिरका. वरचा शेंडा गेला की खालच्या झोपलेल्या डोळ्यांवरचा दाब सुटतो आणि दोन-तीन आठवड्यांत उघड्या काठीवर हिरवे ठिपके दिसतात. सगळ्यात खालचा ठिपका फुटून त्याला पानांच्या दोन जोड्या आल्या की त्याच्या लगेच वर दुसरा काप. असं झाड २०-२५ सेंमीवर आणता येतं.

खाली काहीच फुटलं नाही तर नखाने साल हलकी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर थांबा, तपकिरी कोरडं असेल तर त्या भागाची आशा सोडा.

ऊन वाढवा, ते पहिलं काम. दोन तासांत हे झाड जगतं, फुलत नाही. चार ते सहा तास ऊन, त्यातलं बरंचसं सकाळचं, हे बरोबर. दोन पेरांमधलं अंतर पाहा: उजेड कमी असला की ते ८-१० सेंमीपर्यंत ताणलेलं दिसतं, नीट उन्हात ४-५ वर राहतं. जागा एका दिवसात बदलू नका. सावलीतली पानं थेट उन्हात करपतात, आठ-दहा दिवसांत सरकवत न्या.

युरिया बंद. नुसतं नत्र मिळालं की मऊ लुसलुशीत पानं येतात आणि त्यांच्या मागोमाग मावा.

राहिलं दुपारचं मान टाकणं. माती ओली असताना पानं लोंबली तर ती तहान नाही. पानं रुंद आणि पातळ आहेत, मुळं देतात त्यापेक्षा जास्त पाणी उन्हात उडतं. संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर हात लावू नका. त्या वेळी ओतलेलं पाणी मुळं कुजवतं.

---

गाळपेर

खुरपं यांचं छाटणीचं सगळं मान्य, शेवटच्या परिच्छेदाबद्दल शंका आहे. ९० सेंमीचं झाड आणि २० सेंमीची कुंडी म्हणजे आत मातीपेक्षा मुळंच जास्त असणार. अशा कुंडीत वरून ओतलेलं पाणी मुळांचा गोळा चुकवून कडेकडेने तळातून निघून जातं. वरची माती ओली, गाभा कोरडाठाक. मग दुपारची तहान खरीच असते.

अंदाज बांधण्यापेक्षा कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. तीन शक्यता आहेत.

मुळं पांढरी, गोलगोल गुंडाळलेली आणि गाभा कोरडा: कुंडी लहान पडली. गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, बाहेरच्या मुळांवर सुरीने तीन-चार उभ्या चिरा द्या आणि २८-३० सेंमीच्या कुंडीत हलवा.

मुळं तपकिरी, ओढल्यावर साल हातात येते, आंबूस वास येतो: पाणी जास्त झालं, मूळकूज आहे. कुजकं कापा, उरलेलं त्याच मापाच्या किंवा लहान कुंडीत नव्या मातीत लावा. मोठी कुंडी दिलीत तर ओलावा आणखी रेंगाळेल.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी: सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे. त्या गाठी मुळाचाच भाग असतात, बाजूला सोलून निघत नाहीत. झाड मुळासकट टाकून द्या, माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. शेंड्याकडच्या फांद्या मात्र निर्धास्त लावता येतात, कारण सूत्रकृमी मुळांत आणि मातीत असतात, वरच्या फांदीत नाही. काप त्या जुन्या मातीला टेकू नये एवढं बघा.

निम्मं शेणखत फार झालं. ते दर पाण्याला दबतं, वर्षभरात कुंडी चार बोटं रिकामी होते आणि तळात चिखल बसतो. दोन भाग बागेची माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट पुरतं. मातीची आम्लता (pH) ६ ते ७ च्या दरम्यान चालते. तळाला विटांचे तुकडे भरण्याचा काही उपयोग नाही, निचरा भोकांमुळे आणि मातीच्या पोतामुळे होतो. एका मोठ्या भोकापेक्षा बोटभर जाडीची चार-पाच बरी.

पाणी रोज असं ठरवूच नका. वरचा २ सेंमी थर कोरडा झाला की द्यायचं, आणि देताना तळातून बाहेर येईपर्यंत. ताटलीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. हे झाड ओलाव्याचं आहे, पूर्ण सुकू दिलं तर कळ्या गळतात. पण ओलावा म्हणजे डबकं नव्हे.

छाटणी आणि कुंडीबदल एकाच दिवशी करू नका. आधी छाटा, फुटवे २-३ सेंमी झाले की कुंडी बदला. अपवाद मूळकुजीचा. तिथे थांबलात तर छाटायला झाडच उरणार नाही. दोन्ही एकदम करा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

---

खुरपं

गोळा बाहेर काढून बघावा हे बरोबर. माझा मुद्दा मोकळ्या मुळांच्या झाडाला लागू आहे, २० च्या कुंडीत ९० सेंमी हे प्रमाण नजरेतून सुटलं.

---

डोळेभरणी

रोपांच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, तो घेतो.

बियांच्या मागे लागू नका. पाकळ्या गळल्यावर मागे राहिलेल्या पेल्यात चार बारीक दाणे असायला हवेत, पण लागवडीतल्या झाडांवर ते बरेचदा पोकळ निघतात. फांदीपासून केलेलं रोप मूळ झाडासारखंच येतं, पांढऱ्याचं पांढरंच. या जातीत फिकट जांभळ्या फुलांचीही झाडं असतात, त्यामुळे रंग हवा तसा हवा असेल तर फांदीच लावावी.

फांदी कुठली घ्यायची यावर निम्मं काम ठरतं. तुरा किंवा कळी असलेली नको. तिची साठवण फुलाकडे गेलेली असते. तशीच मिळाली तर तुरा खुडून दोन पेरं खाली या. अगदी कोवळा, वाकवला तर लवणारा शेंडा सडतो, तपकिरी लाकडी झालेला भाग मुळं धरायला फार वेळ घेतो. वाकवल्यावर कट्‌ आवाज करून तुटेल पण साल अजून हिरवी आहे, असा मधला भाग घ्या. लांबी १०-१२ सेंमी, त्यात तीन ते चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली, कारण मुळं पेराजवळून जोमाने येतात. वरची एक जोडी ठेवा, पानं मोठी असतील तर आडवी निम्मी कापा. बाकी पानं काढा. दोन पेरं मातीत जायला हवीत.

माध्यम कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू, समसमान. खत अजिबात नको. मुळं नसलेल्या कांडीला खताचा उपयोग नाही, बुरशीला मात्र आहे. माध्यम भिजवून मुठीत दाबा: एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. पेन्सिलीने भोक पाडून कांडी ठेवा, बाजूने दाबा. थेट खुपसलीत तर सालीची कड सोलवटते आणि तिथूनच काळं पडायला लागतं. मुळं फुटायला मदत करणारी संजीवक पावडर वापरली तर हरकत नाही, पण पुदिन्याच्या कुळातलं हे झाड तिच्यावाचूनही मुळं धरतं.

वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली बाटली उलटी, जागा भरपूर उजेडाची पण ऊन नको. झाकणाखाली ऊन आलं की आत भट्टी होते. रोज दहा मिनिटं झाकण काढा. २२ ते २८ अंश तापमानात १२-१५ दिवसांत मुळं येतात, १८ च्या खाली महिनाही लागतो.

पाण्याच्या बाटलीतही मुळं फुटतात. मात्र पाण्यातली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर निम्मी मोडतात. त्यातच करायचं असेल तर मुळं २ सेंमी झाली की लगेच काढा, बोटभर लांब होण्याची वाट बघू नका. पाणी दोन दिवसांआड बदला आणि पाण्याखाली एकही पान ठेवू नका.

मुळांवर आलेली रोपं आधी १० सेंमीच्या कुंडीत, तिथे पहिली खुडणी, मग मोठ्या जागेत. जमिनीत लावायची तर दोन झाडांत ४५-६० सेंमी. जवळ लावली की एकमेकांच्या सावलीने पुन्हा काठ्या होतात.

---

पानफुटी

गोळा काढून पाहिला. मुळं पांढरी, गच्च गुंडाळलेली, मधे कोरडं. गाठी नाहीत. भिजवून ठेवलाय. पहिली छाटणी झाली, त्यातून आठ कांड्या लावल्या.

आज अकरावा दिवस. सहा कांड्यांना बारीक नवी पानं आलीयत, म्हणजे मुळं आली असं धरू का? दोन कांड्या बुडाला काळ्या पडल्यात. आणि जुन्या झाडाच्या पानांखाली पांढरं काहीतरी उडतं, वरच्या बाजूला बारीक फिकट ठिपके आहेत.

---

डोळेभरणी

नाही, नवी पानं म्हणजे मुळं नव्हेत. कांडीत साठलेल्या अन्नावर डोळा फुटतो, मुळं असोत वा नसोत. आत्ता झाकण काढलंत तर चार दिवसांत सगळं सुकेल. खात्री हवी असेल तर कुंडीच्या तळाच्या भोकात मुळाचं टोक दिसतं का बघा. ओढून बघण्याची सवय वाईट, नुकती आलेली मुळं त्यातच तुटतात. दुसऱ्या जोडीची पानं पहिलीइतकी मोठी झाली की मुळं काम करतायत असं समजावं. मग झाकण एकदम काढू नका. आधी एक कोपरा उचला, दोन दिवसांनी अर्धं, पाच-सहा दिवसांनी पूर्ण.

काळ्या पडलेल्या दोन आजच बाहेर. त्यांच्या भोवतीचं माध्यमही चमचाभर काढा. कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: माध्यम आधी वापरलेलं, पाणी जास्त, किंवा कात्री न पुसता वापरलेली. वरचा भाग अजून हिरवा असेल तर काळ्याच्या दोन सेंमी वर कापून नव्या माध्यमात पुन्हा लावा. अर्ध्याअधिक वेळा जातेच, पण जागेशिवाय काही लागत नाही.

---

मावामारक

उडणारी पांढरी माशी. पण ठिपके तिचेच असतील असं नाही, म्हणून पान उलटं करून भिंगाने बघा. पांढरी माशी असेल तर हात लावताच पिठासारखी उडते आणि खाली चिकटलेली खवल्यांसारखी पिल्लं दिसतात, खालची पानं चिकट होतात. लाल कोळी असेल तर उडत काहीच नाही. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके सरकतात आणि पेरांजवळ बारीक जाळं असतं. हवा गरम आणि कोरडी असली की कोळी येतो, आणि भिंतीलगतच्या कुंड्यांना आधी.

दोन्हींवर पहिला उपाय पाणीच. पानांच्या खालून जोरात फवारा, तीन दिवस रोज सकाळी. एवढ्याने निम्मी लढाई संपते. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली सौम्य द्रव साबण. कपड्यांची पावडर नको, पानं जळतात. संध्याकाळी, फक्त खालच्या बाजूने, आधी दोन पानांवर करून एक दिवस थांबा. दर पाच-सहा दिवसांनी तीन वेळा करा. एकाच फवारणीने अंडी मरत नाहीत, आणि लोक इथेच चुकतात: चौथ्या दिवशी झाड स्वच्छ दिसतं, फवारा थांबतो, दहाव्या दिवशी नवी फौज. माश्यांसाठी पिवळे चिकट कागद शेंड्यांच्या उंचीवर टांगा.

तुरा उमलला असेल तर फुलांवर फवारू नका. या फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरं सतत असतात. तुऱ्याच्या देठाला मावा दिसला तर बोटांनी पुसून काढा, तेवढं पुरतं.

---

रानपाला

जुन्या झाडाला पुढे खत काय, हे राहिलं. कुंडी बदलल्यावर महिनाभर काही नको. मग महिन्यातून एकदा मूठभर कंपोस्ट, वाढीच्या दिवसांत दर १५ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, आणि तेही ओल्या मातीत. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसली तर क्षार साठलेत. कुंडीच्या मापाच्या तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून धुवून काढा आणि महिनाभर खत बंद.

तुरा खालून वर उमलतो, एकेका वलयात सहाच्या आसपास फुलं. कळीत पुंकेसर गुंडाळलेले असतात, उमलताना ते सुटून पाकळ्यांच्या नळीच्या कितीतरी बाहेर येतात, त्याच मिश्या. खालची फुलं गळाली म्हणून तुरा कापू नका, वरची अजून यायची असतात. शेवटचं वलय संपलं की मात्र दिरंगाई नको. नुसता दांडा नाही, त्याखालची पानांची एक जोडी धरून कापायचं, म्हणजे पुढचे दोन शेंडे नीट जागेवरून येतात. तुमच्या झाडाचा महिना इथेच वाया गेला.

थंडी १० अंशांच्या खाली गेली की पानं गळतात, हिमकडाक्यात वरचा भाग मरतो. कुंडी आत घ्या, पाणी निम्मं करा. जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याशी ५-७ सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, पण खोडाला टेकवू नका. आणि झाड दोन-तीन वर्षांचं झालं की त्याला कितीही सजवलं तरी बूड लाकडी होतंच. दर वर्षी दोन कांड्या लावून ठेवणं हा सोपा मार्ग.

---

वेलबुट्टी

याच्या पानांचा चहा करतात ना? तुळशीसारखी तोडली तर चालतील? आणि हीच ती तिळवण का? एका ठिकाणी दोन्हींना मांजरमिशी म्हटलेलं पाहिलं.

---

रानपाला

तिळवण वेगळी. तिचं पान पंजासारखं तीन-पाच पर्णिकांचं, शेंगा लांब, खोड गोल. मांजरमिशीचं खोड चौकोनी, बोटांत फिरवलं की कडा लागतात, पानं साधी, समोरासमोर, कडा दातेरी. दोन्हींचे पुंकेसर लांब म्हणून नावाचा घोळ. रोप घेताना ऑर्थोसायफन अॅरिस्टेटस हे नाव बघा. जुन्या याद्यांमध्ये ऑर्थोसायफन स्टॅमिनियस असतं, तेही हेच.

चहा होतो. इंडोनेशिया-मलेशियात तो जुना वापर आहे, आणि जावा चहा या नावाने बाहेरही जातो. पण पानांसाठीचं झाड आणि फुलांसाठीचं झाड वेगळं ठेवा. पानांसाठी तुरा येऊच द्यायचा नाही. कळी दिसायला लागली की वरच्या चार-पाच जोड्या कोवळ्या देठासकट काढायच्या, खाली निदान तीन जोड्या ठेवायच्या. झाड ४० सेंमी झाल्याशिवाय पहिली तोड नको. सकाळी दव सुकल्यावर तोडा, धुवा, एका थरात सावलीत वाऱ्यावर पसरा. उन्हात किंवा ४५ अंशांच्या वर वाळवलं की पान काळपट होतं. देठ वाकवल्यावर मोडला पाहिजे, तोवर डबा बंद केला तर आत बुरशी येते. ओल्या पाच किलोंचं सुकून साधारण एक किलो होतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या. निंबोळी तेल मारलेल्या झाडाची पानं चहाला नकोत, ती छाटून टाकून पुढच्या फुटव्याची वाट बघा. दुसरं, हा पाला लघवी वाढवतो आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, पाणी बेताचं प्यायला सांगितलं असेल, तर घेऊ नये. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सूज आली म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करणं तर नकोच.

---

पानफुटी

माशीच आहे, कोळी नाही. पाण्याचा फवारा सुरू केला. जुन्या काठीवर जमिनीपासून १८ सेंमीवर दोन हिरवे ठिपके दिसतायत. दुसरा काप आत्ताच करू का?

---

खुरपं

नको. ठिपका म्हणजे अजून फुटवा नाही, कधी कधी तिथेच थांबतो. त्याला पानांच्या दोन जोड्या येऊ देत, मग कापा. तोवर वरच्या फुटव्यांचे शेंडे मात्र खुडत राहा, नाहीतर खालच्याला वाव मिळणार नाही.